बुधाजीचं पोट

आमच्या सोसायटीत रोज सकाळी सव्वासातला एक माणूस तुमच्या दाराबाहेरची कचऱ्याची बादली उघडतो, आत डोकं घालतो आणि काल तुमच्या घरी काय शिजलं, काय उरलं आणि का उरलं, ते जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना सांगतो. "तीनशे एकची भेंडी करपली." "दोनशे चारला पाव्हनं आलंवतं, भात कमी परला." एकदा ऐन श्रावणात त्याने आमच्या चेअरमनना गाठून विचारलं, "साहेब, पापलेट कुठनं घेतला? ताजा नव्हता." चेअरमननी आदल्याच आठवड्यात सत्यनारायण घातलेला, आणि श्रावणात आपण अंडंसुद्धा शिवत नाही असं प्रसाद वाटताना सगळ्यांना सांगितलेलं.

या माणसाचं नाव बुधाजी भोईर. तोंडावर आम्ही त्याला नाना म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टिटवाळ्यात आमच्या तीन बिल्डिंगा जिथे उभ्या आहेत ती सगळी जमीन एके काळी याची भातशेती. बिल्डरने ती घेतली आणि सोसायटीला 'हरितवन' असं नाव दिलं. वनात गेटपाशी दोन अशोकाची झाडं लावलेली, त्यातलं एक मेलं. जमिनीच्या बदल्यात बुधाजीच्या दोन मुलांना घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले आणि ते तिकडे गेले ते गेलेच. बुधाजीला इथेच ए विंगमध्ये तळमजल्यावर वन बीएचके मिळाला. त्यात तो राहील तर शपथ. त्याने हॉलमध्ये छतापर्यंत पेंढा भरून ठेवलाय. मार्बलच्या टाइल्स, पीओपीचं सीलिंग, आणि आत म्हशींचं गवत. स्वतः राहतो बी विंगच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, लाडी आणि गोडी या दोन म्हशींच्या शेजारी.

आणि तिथेच त्याचा तो गोबरगॅस. जमीन विकताना या म्हाताऱ्याने करारात एकच अट घालून घेतली. मागचा कोपरा त्याचा, जोपर्यंत गॅसचा प्लांट चालू आहे तोपर्यंत. बंद पडला की जागा सोसायटीची. बिल्डरला वाटलं, हा म्हातारा किती दिवस शेण कालवणार? त्याला नऊ वर्षं झाली.

प्लांट म्हणजे जमिनीत एक विहिरीसारखा खड्डा, त्यात शेणाचा काला, आणि त्याच्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस झाला की टाकी वर येते, गॅस वापरला की खाली बसते. एवढंच. शाळेतल्या पोरांना दोन मिनिटांत कळतं. पण बुधाजीच्या लेखी तो प्लांट नव्हता, ते पोट होतं. "पोटाला आज भूक नाय." "पोट गुरगुरतंय." दोन म्हशींचं शेण, आमचं उरलंसुरलं, भाजीच्या काड्या, कुजका पेंढा हे सगळं तो पाण्यात हाताने कालवायचा, धिरड्याच्या पिठाइतकं पातळ करून मग आत सोडायचा. लिंबाची सालं घातलेली त्याला चालायची नाहीत, लोणचं तर मुळीच नाही. पोटात जळजळ होते म्हणे. कुणाच्या बादलीत लिंबाचं साल निघालं की ते चिमटीत धरून त्या घरी परत नेऊन द्यायचा. टाकीवर रंगाच्या खुणा, आणि रोज तिला कान लावून ऐकणार. कुणी हसलं की मान हलवून म्हणणार, "माणूस खोटं बोलंल. पोट खोटं बोलत नाय."

एकदा कुठल्याशा कॉलेजची मुलं प्लांट बघायला आलेली. अक्षय ऊर्जा, पर्यावरण, भविष्य वगैरे बोर्ड घेऊन. तासभर त्यांनी प्रश्न विचारले. याने एकालाही धड उत्तर दिलं नाही, उलट एकेकाला सकाळी काय खाल्लं ते विचारत सुटला. निम्मी पोरं उपाशी निघाली. मग अक्षय ऊर्जा बाजूला राहिली आणि सगळ्यांना शेवयांचा उपमा.

शेडमध्ये एक शेगडी होती. तिची चावी त्याच्याशिवाय कुणी फिरवायची नाही. सव्वीस जानेवारीला चेअरमनना हौस आली, की शेगडी पेटवतानाचा आपला फोटो काढावा. त्यांनी चावीला हात लावला मात्र, बुधाजीने फटकन त्यांच्या मनगटावर मारली. फोटोत चेअरमन हात झटकताना आलेत.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. मला तो कोपरा हवा होता. तिथे सहा गाड्या आरामात लागतात, त्यातली एक माझी. माझी गाडी दोन वर्षं रस्त्यावर नाल्याच्या कडेला उभी असते आणि तिचे दोन्ही आरसे कुणीतरी नेलेत. तेव्हा शेणाबद्दल मला काही कविता सुचत नव्हती.

त्यातून त्याने माझ्याशी वाकडं घेतलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. एका सकाळी मी ऑफिसला निघालेलो, जिन्यात चारचौघं होते, आणि हा माझी बादली हातात घेऊन उभा. "सेक्रेटरी, तुमच्या बादलीत दोन पोल्या रोज निघतात. अख्ख्या. भाजी पन तशीच. आज पंधरा दिवस बघतोय."

मी म्हटलं, नाना, तुमचं काम कचरा उचलायचं, मोजायचं नाही.

"मोजत नाय. सांगतोय," असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी अजून बोलणार होता, पण मी थांबलो नाही. चारचौघांसमोर अन्नाची नासाडी करणारा ठरलो होतो. तोही मी, ज्याने नोटीस बोर्डावर 'अन्न हे पूर्णब्रह्म' असं स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय. संध्याकाळी घरी येऊन बायकोवर खेकसलो, की पोळ्या मोजून करत जा. ती म्हणाली, मोजूनच करते. मग दोन दिवस अबोला. रविवारी मी ठाण्याच्या बाजारातून खटक्याच्या झाकणाची बादली आणली, जिला डोकावता येत नाही. बुधाजीला ते झाकण उघडायला पाच सेकंद लागले.

आमच्या घरचं सांगायला हवं. बायको कल्याणला शाळेत शिकवते, मी ठाण्याच्या ऑफिसात. दोघंही साडेसातला बाहेर पडतो, यायला संध्याकाळचे सात. घरी आई एकटी. आईचं वय शहात्तर. मागच्या वर्षी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि विसरून झोपली. पातेलं जळलं, घरभर धूर, वॉचमनने दार ठोकलं म्हणून निभावलं. तेव्हापासून निघताना मी सिलेंडरचा रेग्युलेटर काढून कपाटावर ठेवतो. तिचा हात तिथे पोचत नाही. जेवणाचा डबा फ्रिजमध्ये, गरम करायला मायक्रोवेव्ह. तो कसा लावायचा ते मी तिला पाच वेळा दाखवलं आणि पाचव्या वेळी ती "कळलं" म्हणाली. दुपारी मी खाली उन्हात बसते, असंही तीच सांगायची. चांगलंच आहे, ड जीवनसत्त्व मिळतं, असं मी म्हणायचो. इतका मी हुशार.

या दिवाळीत माझ्या बहिणीचे सासरचे पुण्याहून भाऊबीजेला आले. गाडीतून उतरल्या उतरल्या तिच्या सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो फराळ संपेपर्यंत काढलाच नाही. चकली पदराआडून खाल्ली. खरं सांगायचं तर प्लांटला फारसा वास नसतो, वास म्हशींना असतो. पण मला तेव्हा तो फरक करायचा नव्हता.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बुधाजी भाचीच्या हळदीला भिवंडीकडे गेला. आगऱ्यांची हळद म्हणजे सकाळी गेलेला माणूस संध्याकाळशिवाय परतत नाही. मी सफाईवाल्याला म्हटलं, फिनेलचा पाच लिटरचा कॅन घे आणि त्या शेणाच्या तोंडात ओत, वास तरी मरेल. तो म्हणाला, साहेब, नोकरी गेली तरी चालेल, मी नाही ओतणार. मग मीच ओतला. सगळा. आपल्याकडे कशालाही वास आला की फिनेल. मोरी, संडास, जिना, सगळ्याला एकच औषध. आतले जीवजंतू मेले की गॅस बंद होईल, हे मला ठाऊक नव्हतं असं मी कमिटीला सांगितलं असतं. पण मी बीएस्सी आहे.

तीन दिवसांत टाकी खाली बसली. रंगाच्या सगळ्या खुणा काल्यात बुडाल्या. बुधाजी दिवसभर तिच्या कडेला बसून राहायचा, कान लावायचा, हात आत घालून काला नाकाशी धरायचा. बादल्या न्यायला येईना. जिन्यात इतकी शांतता झाली की लोकांना आपण काल काय जेवलो ते आठवेना. मला बरं वाटत होतं.

मी ताबडतोब विशेष सभा बोलावली. क्लब हाउस भरलेलं. आमच्या सभांना बटाट्याचे वेफर्स आणि कॉफी असते, त्यामुळे आई कधी सभा चुकवत नाही. नेहमीप्रमाणे ती पहिल्या रांगेत बसलेली. मी करार वाचून दाखवला. प्लांट बंद आहे, सबब जागा सोसायटीची. कुणीतरी मागून विचारलं, नाना, नऊ वर्षं चालत होतं, एकाएकी बंद का पडलं?

बुधाजी उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोर पहिल्या रांगेकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. "कवा कवा व्हतं," तो म्हणाला. "एक महिना द्या. दुसऱ्या चालू पोटातला काला आनतो, इरजान लावतो. नाय लागला तं जागा तुमची."

म्हटलं, बघा. नऊ वर्षं पोट पोट करतो आणि पोटाला काय झालं ते याला कळलेलंसुद्धा नाही. एका गावठी अडाण्याचं मी इतके दिवस ऐकून घेतलं याचंच मला हसू आलं. चेअरमननी महिन्याची मुदत दिली. मी घरी येऊन सहा गाड्यांचा नकाशा काढला.

त्यानंतर आठ दिवसांनी दुपारी वॉचमनचा फोन. आई बी विंगच्या मागे चक्कर येऊन पडली. मी ऑफिसातून खोपट नाक्यावर येऊन मिळेल ती रिक्षा पकडली आणि भाड्याकडे न बघता थेट टिटवाळा गाठलं. डॉक्टर येऊन गेलेले. म्हणाले, काही झालेलं नाही, पोटात अन्न नाही. आजी जेवत नाहीत का?

फ्रिज उघडला. डबा तसाच. दोन पोळ्या, भाजी. बादलीचं खटक्याचं झाकण उघडलं. आत कालच्या दोन पोळ्या, अख्ख्या. मी आईपाशी बसलो आणि तिला विचारलं, की डबा असताना तू उपाशी का राहतेस.

आईने आधी मला फ्रिजचं दार लावायला सांगितलं. मग म्हणाली, "थंडगार पोळी घशाखाली उतरत नाही रे. आणि ते तुझं गरम करायचं मशीन फिरतं ना गरगर, मला त्याची भीती वाटते. पाच-पाच वेळा तुला विचारायचं तरी किती?"

मग आधी काय करायचीस, मी विचारलं. दिवाळीपर्यंत तर ठणठणीत होतीस.

"खाली जायची. बुधाजींकडे," ती म्हणाली. "बिचारे एकटे आहेत. बायको गेली, मुलं फिरकत नाहीत. नुसत्या भाकरीवर मीठ-मिरची टाकून खायचे. मी जाते म्हणून दोन घास नीट जेवतात. मी पिठलं करते, कधी थालीपीठ लावते."

तू करतेस? गॅसवर?

"हो. ते मला पेटवू देतात."

माझ्या घरात मी कपाटावर ठेवलेला रेग्युलेटर मला तिथूनच दिसत होता. पन्नास वर्षं जिने आम्हाला रांधून घातलं, तिला मी माझ्या घरात काडी ओढू दिली नव्हती. आणि जिथे ओढता येत होती तिथे पाच लिटर फिनेल ओतून आलो होतो. मला माझीच लाज वाटली, अशी की आईकडे बघवेना.

संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. लाडी-गोडी रवंथ करत होत्या. शेगडी पुसून ठेवलेली. खुंटीला दोन तवे. एक खालचा, काळाकुट्ट, बोंबलाच्या वासाचा. दुसरा वर, नवा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि कागदावर कोळशाने लिहिलेलं, 'आक्का'. आई शाकाहारी, म्हणून तिचा तवा वेगळा. नाना खाटेवर बसलेले. त्यांनी आधी आईची तब्येत विचारली. मग स्वतःच सांगायला लागले, की म्हातारी एकटी जेवत नाही हे मला बादलीतनं कळलं, तुम्हाला सांगायला गेलो तर तुम्ही रागावलात, मग तिलाच बोलावलं. एकटी खात नाही म्हणून मी तिच्याबरोबर बसतो, नाहीतर मला दुपारची भूक कुठे असते.

मी म्हटलं, नाना, ते फिनेल मी ओतलं.

नाना उठले. फळीवरच्या डब्यातून त्यांनी एक निळं प्लास्टिकचं बूच काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. फिनेलच्या कॅनचं. "त्याच दिवशी गावलेला. असा मोठा कॅन सोसायटीच्या कपाटात असतो. कपाटाची चावी तुमच्याकडं."

मग सभेत का नाही बोललात, मी विचारलं.

"आक्का पयल्या रांगेत बसलीवती," नाना म्हणाले, आणि म्हशींना वैरण घालायला वळले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी सव्वासातला दार वाजलं. नाना माझी बादली उघडून उभे. आज जिन्यात ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "तीन पोल्या. या तुमच्या." मी मान खाली घातली. "काय तरी खाऊन घ्या आनि कापडं जुनी घाला," ते म्हणाले. "टेम्पो बोलावलाय. इरजान आनायचाय."

मी ऑफिसात कळवलं आणि गेलो. टिटवाळ्याच्या पुढे आत एका गावात चालू प्लांट होता. तिथला काला आम्ही पिंपांत भरून आणला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पिंप माझ्या अंगावर उपडं व्हायचं, आणि नाना प्रत्येक वेळी म्हणायचे, सांडू नका, पोटाचं आहे. घरी आल्यावर बायकोने मला दारातच थांबवलं आणि पाण्याची बादली बाहेर आणून दिली. नवा घालायला जागा हवी म्हणून आधी निम्मा जुना काला मी घमेल्यांनी उपसला, चार दिवस. चेअरमन गॅलरीतून बघत होते. त्यांना वाटलं मी पार्किंगसाठी खणतोय, ते खूश होते.

थंडीत विरजण उशिरा लागतं. दहा दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही. मी ऑफिसला जाताना टाकीला कान लावायचो आणि येताना लावायचो. दुपारी आईला गॅस वापरता यावा म्हणून मी सकाळीच रेग्युलेटर जोडून ठेवायला लागलो. ती म्हणाली, एकटीसाठी कोण चूल पेटवतं रे? तरी वरणभात तेवढा करायची आणि डब्यात घालून खाली घेऊन जायची. महिना संपायला तीन दिवस उरले असताना रंगाची सगळ्यात वरची खूण काल्याच्या वर आली.

तो रविवार होता. आई शेगडीपाशी पाटावर बसली. नानांनी नवा तवा कागदातून सोडवला. मी पुढे होऊन चावीला हात लावला, तर फटकन मनगटावर बसली. "सेक्रेटरी, हात नाय लावायचा." मग त्यांनी काडीपेटी आईपुढे केली. आईने चावी फिरवली, काडी ओढली. शेगडी दोनदा फुरफुरली आणि निळी पेटली. आईने थालीपीठ लावायला घेतलं.

"पण बुधाजी," थालीपिठाला भोकं पाडता पाडता तिने विचारलं, "झालं तरी काय होतं हो याला? चांगलं चाललेलं बंद कसं पडलं?"

मी उगाच रिकामं ताट पुसायला घेतलं. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पावसाचं पानी गेलंवतं आत."

"पाऊस? दिवाळीनंतर?"

"परला व्हता," नाना म्हणाले. "तुमी झोपल्या व्हत्या."

आईने पहिलं थालीपीठ माझ्या ताटात टाकलं. मी ते अख्खं संपवलं.